काठापासून आत

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुरुडचा जंजिरा उभा राहतो. तटावरच्या तोफा, नबाब, मराठ्यांना अखेरपर्यंत हुलकावणी देणारा जलदुर्ग. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्द्यांच्या वाट्याला यांतलं काहीच आलं नाही. त्यांच्या पूर्वजांपैकी बऱ्याच जणांना पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटलेली माणसं घाटातल्या जंगलात शिरली आणि हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या भागांत वस्ती करून राहिली. त्यांच्या घरातली बोली कोकणी, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली. धर्म तीन: कुणी हिंदू, कुणी मुसलमान, कुणी ख्रिस्ती. पोट बहुतेकांचं शेतमजुरीवर आणि जंगलातल्या कामावर. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, तेव्हा प्रथमच एक सिद्दी माणूस त्या सभागृहात बसला.

देवधर्म वेगळे असले तरी या तिन्ही समाजांच्या घरांत एक वस्तू सारखीच दिसते. कवंदी. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या आणि चौकोनी तुकडे जोडून केलेली, अंथरायलाही चालणारी आणि पांघरायलाही. आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. पण ती ज्या रीतीने शिवली जाते, ती रीत नीट पाहण्याजोगी आहे.

तळाला एक जुनी सुती साडी. हव्या त्या मापाची करून ती जमिनीवर पसरायची आणि एका कोपऱ्याशी बसायचं. पहिला तुकडा कोपऱ्यावर ठेवला की त्याची बाहेरची कड आणि साडीची कड, दोन्ही आत दुमडायच्या. नखाने दाबून घडी बसवायची आणि जाड दोऱ्याने धावदोरा घालायला लागायचं. पुढचा तुकडा शेजारी येतो. त्याची कड दुमडून ती आधीच्या तुकड्याच्या मोकळ्या, सुटं सूत निघालेल्या कडेवर चढवायची आणि टाके तसेच पुढे न्यायचे. काठाकाठाने एक फेरी पुरी झाली की दुसरी फेरी तिच्या आतून. दोऱ्याच्या ओळी एकीलगत एक, समांतर. उघडी साडी हळूहळू आक्रसत जाते आणि शेवटी मधोमध छोटीशी जागा उरते. तिथल्या तुकड्याच्या मात्र चारही कडा दुमडाव्या लागतात, कारण त्याच्यावर चढायला आता दुसरा तुकडा येणार नसतो.

म्हणजे तुकडे जोडणं आणि थर शिवणं ही इथे दोन कामं नाहीत. एकाच टाक्यात दोन्ही होतात.

युरोप-अमेरिकेतल्या रिवाजाशी ताडून पाहिलं तर यातली हुशारी कळते. तिकडे आधी तुकड्याला तुकडा जोडून वरचा पूर्ण थर तयार करतात. मग तो, मधला कापूस आणि खालचं कापड असे तिन्ही थर एकत्र ताणून बसवतात. टाके सहसा मध्यापासून बाहेर घालत नेतात, म्हणजे कापडातला झोल कडेला सरकत जातो. कड बांधायची ती सगळ्यात शेवटी. आपल्याकडच्या साध्या गोधडीतही साड्यांचे थर आधी पुरते अंथरले जातात. मोठ्या टाक्यांनी ते जागच्या जागी धरून ठेवतात आणि मग दोरा घालतात. कवंदीत वरचा थर आधी अस्तित्वातच नसतो. प्रत्येक तुकडा ठेवला की लगेच पक्का होतो, त्यामुळे झोल साठायला वाव मिळत नाही. चौकट लागत नाही, टेबल लागत नाही, मोजपट्टीही लागत नाही. शेतावर जायची वेळ झाली की सुई टोचून ठेवायची, सगळं गुंडाळायचं आणि संध्याकाळी पुन्हा उलगडायचं. लहान घरात, दिवसभराच्या मजुरीनंतर, कंदिलाच्या नाहीतर दिव्याच्या उजेडात करायच्या कामाला याहून सोयीची रीत सापडणं कठीण.

नक्षीही या रीतीतूनच येते. पुढे कोणता रंग लागेल याचा आराखडा आधी कागदावर काढता येत नाही. लाल पट्टी संपली तर ती तिथेच संपते. मग हाताशी हिरवा चौकोन असेल तर तो लागतो, नाहीतर लाल-पिवळ्या छापाचा. तरी काम मनाला येईल तसं होत नाही. एकसारख्या दोन लांब पट्ट्या असल्या तर त्या समोरासमोरच्या काठांना राखून ठेवल्या जातात. गडद तुकडा उठून दिसावा म्हणून फिका त्याच्या शेजारी बसवतात. बाळासाठी करायच्या कवंदीवर चिमुकल्या रंगीत चौकोनांची दाटी असते. ख्रिस्ती घरातल्या कवंदीवर कधी क्रूस दिसतो, मुसलमान घरातलीवर चंद्रकोर.

सगळ्यात शेवटी फुलं. कापडाचा तुकडा दुमडून दुमडून त्रिकोण करतात, असे त्रिकोण एकावर एक ठेवतात आणि चारी कोपऱ्यांना शिवतात. या फुलांनी ऊब वाढत नाही की कोपरा मजबूत होत नाही. तरी फुलांवाचून कवंदी नागडी, असं बायका म्हणतात.

तुकडे येतात कुठून, हा प्रश्न मात्र नक्षीइतकाच महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातली किंवा कोल्हापूरकडची एखादी जुनी वाकळ उलगडून पाहिली तर घरातल्या माणसांची आणि त्यांच्या खर्चाची जंत्रीच हाती येते. नऊवारीचं मऊ पडलेलं सूत, आजोबांच्या धोतराचा धुऊन पिवळट झालेला पन्हा, इरकलीचा लाल काठ, चोळीच्या खणाचं कातरण. वरच्या ठिगळांत टेरिकॉटच्या शर्टाची पट्टी निघाली, तर ती दुरुस्ती कोणत्या दशकातली याचाही अंदाज बांधता येतो.

उरलेलं कापड नक्षी कशी ठरवतं, याचा नोंदलेला दाखला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सापडतो. अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात जीज् बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या मिझूरी पेटवे या बाईंनी १९४२ साली आपल्या मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. गुडघ्याशी विटलेले पँटचे पाय, शर्टांच्या शेपट्या, तेच तिचे चौकोन आणि पट्ट्या. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात, त्या परिसरातल्या बायकांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये संस्थेला सीअर्स या बड्या दुकानदार कंपनीचं कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं. अभ्र्यांतून उरलेलं कातरण बायका घरी नेऊ लागल्या. कॉर्डरॉय जाड, उभ्या रेघांचं. त्याचे बारीक तुकडे करून जोडले तर शिवणी फुगतात. म्हणून पट्ट्या रुंद झाल्या, चौकोन मोठे झाले आणि सोनेरी, गंजकट, शेवाळी असे त्या मालाचे ठरावीक रंग घरोघरच्या गोधड्यांत उतरले. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात जीज् बेंडच्या गोधड्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांना आधुनिक अमूर्त चित्रकला आठवली. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली.

सिद्दी बायकांच्या हातकामाकडेही बाहेरची नजर वळली ती साधारण त्याच सुमाराला. विस्कॉन्सिन विद्यापीठात आफ्रिकी कलेचे प्राध्यापक असलेले हेन्री ड्र्युअल यांनी या वस्त्यांत राहून कवंद्यांचा अभ्यास केला, आणि २००४ मध्ये बायकांची सहकारी संस्था उभी राहायला मदत केली. हातातल्या हातात रंग जुळवत जाण्याची ही पद्धत पाहून अभ्यासकांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गोधड्या आठवणं साहजिक होतं. पण जुन्या साड्यांची कौदी, म्हणजे गोधडीच, शिवणं आसपासच्या कानडी मुलखातही चालतंच. तेव्हा कवंदीतलं आफ्रिकेचं किती आणि घाटावरचं किती, याची सरळ वाटणी करता येत नाही.

बाजाराची गणितं निराळीच. घरातल्या कवंदीचं माप तिच्यात झोपणाऱ्यांवर ठरतं, विकायच्या कवंदीचं पलंगावर. घरच्या कवंदीला दोन हातांचे टाके असले तर बिघडत नाही. गिऱ्हाईक मात्र एकसारखे टाके मागतं, वर पांढरा किंवा निळा असा रंगही सांगतं. हाताने घातलेल्या हजारो टाक्यांची मजुरी तासांवर काढायला गेलं तर कवंदीकडे जुन्या कपड्यांची वस्तू म्हणून पाहणाऱ्याला तिची किंमत परवडत नाही.

एव्हाना अमेरिकेतल्या हौशी बायका कवंदीचे वर्ग भरवू लागल्या आहेत. तिथे दुकानातून नवं सुती कापड आणून, त्याचे मुद्दाम तुकडे करून, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत छोट्या चटया आणि पिशव्या शिवतात. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात अडचण नेमकी उलटी आहे. तुकडे हवे तेवढे, पण सूत नाही. रोजच्या वापरात नायलॉन, जॉर्जेट, पॉलिएस्टरच्या साड्या आल्यावर जुनं म्हणून उरतं तेही तेच. हे कापड घाम शोषत नाही, सुईखाली सरकतं आणि नखाने दाबलेली घडी क्षणात सोडून देतं. अशा मालाची मिसळ करायचीच तर तळाची साडी सुतीच राखावी लागते. वर नायलॉनचा तुकडा आधी टाचून घ्यायचा आणि त्याच्या निसटत्या कडेवर सुती पट्टीची घडी चढवायची, म्हणजे टाका सुतात बसतो.