मोटारीचे नवे टायर : निवड, खर्च आणि बसवणूक

मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि त्यातील प्रत्येक जागा सुमारे तळहाताएवढी असते. पावसाळ्यात घाट उतरताना गाडीतील सर्वांची सुरक्षितता या चार तळहातांएवढ्या रबरावर अवलंबून असते. असे असूनही मोटारीच्या देखभालीत टायरचा क्रम बहुधा शेवटचा लागतो आणि खरेदीच्या वेळी किंमत हाच एकमेव निकष ठरतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गावरील अपघातांनंतर २०२३ साली प्रवेशाच्या ठिकाणी वाहनांच्या टायरांची तपासणी हाती घ्यावी लागली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येईल. स्वस्त टायर म्हणजे कमी किमतीचा टायर नव्हे, हे या लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

टायर केव्हा बदलावा?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. ही खोली मोजण्यास उपकरणाची गरज नाही. नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीस आली की टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. तथापि, ही कायद्याची किमान मर्यादा आहे. खाचांचे मुख्य कार्य चाकाखालील पाणी बाहेर फेकणे हे होय. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा थर चाक आणि रस्ता यांच्यामध्ये शिरतो, गाडी त्यावर तरंगू लागते आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून आपल्याकडील पावसाचा विचार करता खोली ३ मिलिमीटरवर आली की नव्या टायरची तजवीज करणे शहाणपणाचे ठरते. टायरच्या बाजूवर फुगवटा आला असेल, चीर पडली असेल किंवा आतील धागे दिसू लागले असतील, तर नक्षी शाबूत असली तरी तो टायर त्वरित काढावा.

टायरवरील अक्षरे व आकडे

टायरच्या बाजूवर त्याची सर्व माहिती कोरलेली असते. उदाहरणादाखल ‘१६५/८० आर १४ ८५ टी’ ही खूण घेऊ. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के इतकी बाजूची उंची, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा इंचातील व्यास. ८५ हा भारांक असून त्याचा अर्थ एका टायरची क्षमता ५१५ किलोग्रॅम आहे असा होतो. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरची वेगमर्यादा. नवा टायर वाहन उत्पादकाने सांगितलेल्या मापाचाच घ्यावा, आणि भारांक त्याहून कमी असू नये.

याखेरीज चार आकड्यांची उत्पादनाची खूण पाहावी. ‘३१२५’ म्हणजे २०२५ सालचा एकतिसावा आठवडा. रबर न वापरताही कालांतराने कडक होते. यास्तव दुकानात दीर्घकाळ पडून राहिलेला माल, सवलत मिळत असली तरी, नाकारावा. भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह असल्याची खात्री करून घ्यावी.

स्वस्त कशास म्हणावे?

समजा, एक टायर ३,२०० रुपयांना मिळतो व २५,००० किलोमीटर चालतो. दुसरा ४,२०० रुपयांचा असून ४०,००० किलोमीटर चालतो. पहिल्याचा खर्च किलोमीटरमागे १२.८ पैसे, तर दुसऱ्याचा १०.५ पैसे येतो. हे आकडे हिशेबाची रीत दाखविण्यापुरते आहेत. परंतु महाग वाटणारी वस्तू प्रत्यक्षात स्वस्त कशी पडते, हे त्यावरून समजते. अर्थात, सर्वांत महाग टायर घेण्याचेही कारण नाही. गावातून तालुक्याच्या ठिकाणी जाणाऱ्या शिक्षकाच्या मोटारीस अतिवेगासाठी बनविलेल्या टायरचा उपयोग नसतो. प्रस्थापित उत्पादकांचे मध्यम किमतीचे टायर अशा वापरास पुरेसे असतात.

जुन्या टायरमध्ये नव्याने खाचा कोरून तो विकण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. अशा टायरमध्ये खाचेखालील रबराचा थर धोकादायक इतका पातळ होतो. बस व मालमोटारींच्या टायरांवर शास्त्रशुद्ध रीतीने नवा थर चढवितात, एस.टी. महामंडळानेही या पद्धतीचा उपयोग केला आहे. परंतु ते टायर त्यासाठीच मजबूत बनविलेले असतात. मोटारीसाठी हा मार्ग अवलंबू नये.

कोठे व कसे बसवावे?

टायर बसविण्यासाठी ज्या दुकानात यंत्राने टायर काढण्याची व चढविण्याची, चाकाचा तोल साधण्याची आणि चाकांची दिशा तपासण्याची सोय आहे, असे दुकान निवडावे. पहारीने टायर चढविल्यास ट्यूबलेस टायरची कड दुखावते व हवा झिरपू लागते. टायरसोबत हवेचा व्हॉल्व्हही नवा बसवून घ्यावा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर ते पुन्हा तपासावेत. दर विचारताना बॅलन्सिंग, अलाइनमेंट व व्हॉल्व्ह यांचा खर्च त्यात धरला आहे काय, हे अवश्य विचारावे. कारण कमी सांगितलेली किंमत पुष्कळदा येथेच वाढते.

दोनच टायर बदलावयाचे असल्यास ते पुढे बसवावेत, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः नवी जोडी मागील चाकांना बसविणे अधिक सुरक्षित असते. ओल्या रस्त्यावर पुढील चाके घसरू लागली, तर वेग कमी करून चालक गाडी सावरू शकतो. मागील चाके घसरल्यास मात्र गाडी गर्रकन फिरते व ती सावरणे सामान्य चालकास कठीण जाते.

हवेचा योग्य दाब सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. तो टायर थंड असताना महिन्यातून किमान एकदा तपासावा. स्टेपनीही विसरू नये.

कार्यालये व पंचायतींसाठी

ग्रामपंचायतीची रुग्णवाहिका किंवा कार्यालयाची जीप यांसाठी दरपत्रके मागविताना केवळ ‘टायर, नग चार’ असे लिहू नये. माप, भारांक, आयएसआय चिन्ह, उत्पादनाचा कालावधी, बसवणुकीचा खर्च आणि हमी यांचा स्पष्ट उल्लेख करावा. असे केल्यास सर्व दरपत्रके एकाच पायावर तपासता येतात आणि सर्वांत कमी दर स्वीकारताना निकृष्ट माल पदरी पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा त्यापूर्वीच्या दरांवर आधारलेली अंदाजपत्रके सुधारून घ्यावीत. बसविलेल्या प्रत्येक टायरची तारीख व त्यावेळचे किलोमीटर वाहनाच्या नोंदवहीत लिहिल्यास कोणता टायर खरोखर स्वस्त पडला, हे पुढील खरेदीच्या वेळी ती नोंदवहीच सांगेल.

प्रसूतीसाठी निघालेली माता मध्यरात्री ज्या रुग्णवाहिकेतून तालुक्याच्या रुग्णालयाकडे जाते, तिच्या टायरांवर वाचविलेले हजार रुपये ही बचत म्हणता येणार नाही.