कापायचं नाही, बोल्टानं जोडायचं

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुइव्हिल नावाचं शहर आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या एका कारखान्यात विमानं बनत. युद्ध संपलं, विमानांची मागणी आटली आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनं तो कारखाना विकत घेतला. १९४७ पासून तिथून ‘फार्मऑल कब’ हा लहान शेतकऱ्यांचा छोटा लाल ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. पुढं तेरा वर्षांनी, १९६० मध्ये, त्याच कारखान्यात त्याहूनही छोटं यंत्र आलं. त्याचा रंग पिवळा-पांढरा, इंजिन सात हॉर्सपॉवरचं आणि नाव ‘कब कॅडेट’. आज अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजात जुने गार्डन ट्रॅक्टर खोलून पुन्हा उभे करणाऱ्यांची जी मोठी जमात आहे, तिच्यात या पिवळ्या यंत्राला मानाचं पान आहे.

गिऱ्हाईक तयारच होतं. युद्धानंतर शहरांबाहेर घरांच्या वसाहती पसरल्या आणि घरामागं अर्धा-एक एकर, म्हणजे आपल्या हिशेबात वीस ते चाळीस गुंठे जागा आली. गवत कापायचं, थंडीत बर्फ ढकलायचं, कोपऱ्यात मका-बटाटा लावायचा. एवढ्याला शेतीचा ट्रॅक्टर अवजड आणि हातानं ढकलायचं यंत्र अपुरं. या फटीत कितीतरी कारखाने शिरले. पश्चिम व्हर्जिनियात बेंजामिन ग्रेव्हली नावाच्या एका छायाचित्रकारानं मागं चालत हाकायचा ट्रॅक्टर तर १९१६ मध्येच पेटंट करून ठेवला होता. इंडियानातल्या साऊथ बेंडमध्ये पाँड बापलेकांनी ‘व्हील हॉर्स’ काढला. जॉन डिअर या बाजारात १९६३ मध्ये ‘११०’ घेऊन उतरली.

इथं एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. दुकानात आज जो ‘लॉन ट्रॅक्टर’ मिळतो तो पत्र्याच्या सांगाड्यावर बसवलेला, गवत कापण्यापुरता. जुना ‘गार्डन ट्रॅक्टर’ हा खरोखरच आकसलेला शेतीचा ट्रॅक्टर होता. कब कॅडेटचा गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल फार्मऑल कबवरूनच बेतलेला, जाड ओतीव लोखंडाच्या पेटीतला. तीन गिअर पुढं, एक मागं. त्याला नांगर जोडून जमीन फाडली तरी तो कुरकुरत नाही. साठ वर्षं गोठ्यामागं पावसात पडलेला असा ट्रॅक्टर परत चालू होतो, त्याचं श्रेय दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला आहेच, पण निम्मं श्रेय ज्यांनी तो असा बांधला त्यांना द्यायला हवं. पुढच्या काळातला पत्र्याचा सांगाडा एकदा चिरला, की त्यात वाचवण्यासारखं फारसं उरत नाही.

दुरुस्तीची सुरुवात बहुधा मागून होते. गिअरच्या दांड्याखालचं रबर वाळून फाटलेलं असतं, त्यातून पाणी आत जातं आणि तळाचा बोल्ट सोडला की तेलाऐवजी दह्यासारखा पांढुरका राडा परातीत पडतो. नवख्याला वाटतं, संपलं. बहुतेक वेळा संपलेलं नसतं. पेटी रॉकेलनं धुवायची, ऑइल सील बदलायचे, बेअरिंग फिरवून खडखड ऐकायची आणि कंपनीनं सांगितलेलं ‘हायट्रान’ तेल भरायचं. हे तेल थोडंफार पाणी स्वतःत सामावून घेतं, म्हणूनच इतकी वर्षं भिजूनही गिअरचे दात बरेचदा शाबूत निघतात.

पुढं आलं की क्लच. १९६३ नंतरच्या कॅडेटमध्ये इंजिनपासून मागच्या पेटीपर्यंत सरळ शाफ्ट जातो आणि तो जागोजागी पोकळ स्प्रिंग-पिनांनी धरलेला असतो. पिना झिजतात, भोकं अंडाकृती होतात आणि पेडल सोडलं की खाडकन झटका बसतो. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या खिळीचंही तेच. मोठी पिन घालायची की भोक वाढवून बुश ठोकायचा, यावर दोन मिस्त्र्यांचं एकमत होत नाही. माझं मत बुशच्या बाजूनं आहे. बुश झिजला तर बदलता येतो, अ‍ॅक्सलचं लोखंड एकदा खाल्लं की गेलं.

खरी मजा इंजिनात आहे. विस्कॉन्सिनमधली कोहलर कंपनी जगाला नळ आणि बाथटबसाठी माहीत आहे, पण तिच्या ‘के’ मालिकेची एक सिलिंडरची ओतीव लोखंडी इंजिनं कब कॅडेट, व्हील हॉर्स, जॉन डिअर अशा एकमेकांच्या स्पर्धकांच्या बोनेटखाली बसली. के-१६१ सात हॉर्सपॉवरचं, के-१८१ आठ, के-२४१ दहा, के-३०१ बारा. आकडे साधारण घन इंचांतल्या आकारमानावरून पडले आहेत. एकच इंजिन इतक्या ट्रॅक्टरांत असल्यामुळं त्याच्या रिंगा, पिस्टन, गॅस्केट आजही मिळतात. बोअर लोखंडाचा असल्यामुळं दहा, वीस, तीस थाउ (इंचाचा हजारावा भाग) वाढवून घेता येतो. आपल्याकडं लेथवाल्याकडं ब्लॉक टाकून ‘बोअर करून आणला’ म्हणतात, तसंच तिथंही ब्लॉक मशीन शॉपवर जातो.

जाम झालेल्या इंजिनावर पहिला इलाज सबुरीचा. प्लगच्या भोकातून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल समभाग मिसळून ओतायचं, थांबायचं, फ्लायव्हील हलकेच मागंपुढं करून पाहायचं. पिस्टनवर हातोडा घालणाऱ्याला पुढं पिस्टन विकत घ्यावा लागतो.

आणखी एक चकवा आहे. गेज लावून कॉम्प्रेशन मोजलं तर काटा वर जातच नाही आणि चांगलं इंजिन मेलेलं ठरवून लोक विकून टाकतात. या इंजिनांत कॅमशाफ्टवर एक युक्ती बसवलेली आहे. सुरू करताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते, म्हणजे स्टार्टरवर भार येत नाही. इंजिनानं वेग घेतला की ती बाजूला होते. त्यामुळं इथं गेजवर विसंबायचं नाही. सिलिंडरमध्ये हवेचा दाब देऊन ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या नळीतून आली तर रिंगा.

पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क, लावणं ही इंजिनाच्या कामातली देखणी गोष्ट. इंजिनाच्या कुशीला एक लहानसं झाकण असतं, आत पॉइंट. फीलर गेजनं वीस थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर फट ठेवायची. मग पॉइंटला चाचणीचा दिवा जोडायचा आणि फ्लायव्हील हातानं, केसाकेसानं फिरवायचं. फ्लायव्हीलवर ‘एस’ अक्षर कोरलेलं असतं. आवरणातल्या छोट्या खिडकीत ते ऐन मध्ये येतं, त्याच क्षणी दिवा बदलायला हवा. आधी बदलला तर ठिणगी लवकर पडणार, नंतर बदलला तर उशिरा. पॉइंटचा स्क्रू किंचित ढिला करायचा, सरकवायचा, पुन्हा फिरवायचं. सगळं उपकरण म्हणजे एक बल्ब आणि दोन तारा. बाहेरच्या कुठल्याही माणसाची परवानगी न लागता घरच्या गॅरेजात हे काम पुरं होतं.

‘कारखान्यातून निघाला तस्सा’ असा हट्ट धरणाऱ्यांची पंचाईत करणारा एक भाग याच इंजिनांत आहे. मोठ्या ‘के’ इंजिनांत काही काळ थरथर कमी करण्यासाठी आत तोलाचे दोन गिअर घालत. त्यांची सुई-बेअरिंगं गेली की गिअर सुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. जाणते मिस्त्री इंजिन खोललं की ते गिअर काढूनच टाकतात. इंजिन जरा जास्त थरथरतं, पण जगतं. मूळपणाचा आग्रह कुठं थांबवायचा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

गंजाचं काम मात्र रसायनशास्त्राचं. प्लॅस्टिकच्या टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, त्यात गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा एखादा भंगार तुकडा धन टोकाला. रात्रभरात गंज सुटून काळा चिखल होतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय हायड्रोजन सुटत असतो, तेव्हा गॅरेजचं दार उघडं हवं आणि आसपास वेल्डिंग नको. पत्र्याची ठोकाठोक, लांबी भरणं, घासणं, प्रायमर, रंग हे आपल्याकडच्या डेंटर-पेंटरला नवं सांगायला नको.

रंगावरून मात्र या मंडळींत कायमचे दोन तट. एक म्हणतो, उन्हानं विटलेला मूळ रंग हीच त्याची जन्मपत्रिका, ती पुसू नका. दुसऱ्याला तो शोरूममधून आल्यासारखा चकचकीत हवा असतो. मौज अशी, की रंगाची हौस कारखान्यांनाही सुटली नव्हती. जॉन डिअरनं १९६९ च्या सुमारास ‘पॅशिओ’ मालिका काढली. पांढऱ्या ट्रॅक्टरवर लाल, नारिंगी, पिवळं किंवा निळं बोनेट आणि तशीच सीट. हिरव्या रंगावर जीव टाकणारं गिऱ्हाईक त्याला फारसं भुललं नाही आणि मालिका लवकरच गुंडाळली गेली. आज तीच यंत्रं संग्राहक शोधत फिरतात.

आता फेरफाराकडं. जुन्या कॅडेटला मागं ‘स्लीव्ह हिच’ बसवून नांगर जोडणं हा सगळ्यात सरळ बदल. १८३९ पासून नांगर बनवणाऱ्या ब्रिनली कंपनीचे छोटे नांगर यासाठीच होते आणि अजून जुन्या बाजारात मिळतात. त्यापुढं हायड्रॉलिक पंप, पुढचा लोडर, पॉवर स्टिअरिंग, एलईडी दिवे. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणारेही आहेत. एक बदल मात्र मी हौसेचा नव्हे, गरजेचा मानतो. सीटखाली स्विच बसवायचा, म्हणजे चालवणारा उठला किंवा पडला की इंजिन बंद. जुन्या यंत्रांत तो नाही आणि पाती फिरतच राहतात. पेट्रोलच्या नळ्याही नव्या हव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुनं रबर खातं. आपल्याकडं ई-२० आल्यापासून ही तक्रार वाचकांच्या ओळखीची झाली आहे.

मोठा वाद इंजिन बदलण्याचा. थकलेलं कोहलर काढून दोन सिलिंडरचं स्वस्त चिनी इंजिन टाकलं तर काम पटकन होतं, ताकद तिप्पट मिळते. पण ते बसावं म्हणून चासी कापली की परतीचा रस्ता बंद. अडॅप्टरची पट्टी बनवून मूळ भोकांतच बोल्टानं बसवलं आणि जुनं इंजिन फळीवर जपून ठेवलं, तर पुढचा मालक हवं तेव्हा ते परत बसवू शकतो. माझ्या लेखी चांगल्या आणि वाईट फेरफारातला फरक एवढाच आहे.

ताकदीच्या हौसेचं टोक म्हणजे ट्रॅक्टर ओढण्याच्या स्पर्धा. वजनाची स्लेज जोडायची. ती पुढं सरकते तसं तिच्यावरचं वजन ट्रॅक्टरकडं येतं आणि ओझं वाढत जातं. जत्रेत आपल्याकडं शंकरपटाला जमते तशी गर्दी तिथं या खेळाला असते. पण मिनिटाला छत्तीसशे फेऱ्यांसाठी बनवलेलं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील त्याच्या कितीतरी वर पळवलं तर बॉम्बसारखं फुटतं. म्हणून वाढीव वेगाच्या गटांत पोलादी फ्लायव्हील आणि त्याभोवती जाड कवच लागतं. घरी इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरशी खेळणाऱ्यानं हे भिंतीवर लिहून ठेवावं.

विजेचा ट्रॅक्टर ही आजची कल्पना नव्हे. जनरल इलेक्ट्रिकनं १९६९ पासून ‘इलेक-ट्रॅक’ विकला. सहा व्होल्टच्या सहा लेड बॅटऱ्या, एकूण ३६ व्होल्ट आणि त्यावर चालणारी गवताची पाती, बर्फाचं यंत्र, वर हातात धरायची करवतसुद्धा. तेलटंचाईच्या काळातही तो धंदा टिकला नाही. आज मात्र त्याच पेटीत लिथियम बॅटऱ्या ठेवून लोक तो चालवतात. मूळ मोटर तीच, वजन बरंच कमी. एवढा मोठा बदल करूनही सांगाड्याला करवत लावावी लागत नाही, म्हणून हा फेरफार मला सगळ्यात पटतो.

कंपन्यांचं पुढं काय झालं तेही सांगून टाकतो. हार्वेस्टरनं १९८१ मध्ये कब कॅडेट विकला, व्हील हॉर्स १९८६ मध्ये टोरोकडं गेला. पण त्याच हार्वेस्टरची एक फांदी मुंबईत रुजली होती. महिंद्र, व्होल्टास आणि हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीत ‘बी-२७५’ ट्रॅक्टर बनू लागला. म्हणजे लुइव्हिलमध्ये बागेचा कॅडेट जुळत होता, त्याच दशकात त्याचा दूरचा डिझेल भाऊबंद कांदिवलीतून बाहेर पडत होता. महिंद्रच्या ट्रॅक्टर व्यवसायाची पाळंमुळं तिथं आहेत.

आजच्या ट्रॅक्टरात संगणक आहे आणि बिघाड वाचायचा तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. शेतकऱ्यांनी त्यावर इतका आवाज उठवला, की कोलोरॅडोनं २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. जुन्या कॅडेटवाल्याला असा कायदा कधी लागला नाही. छापील मॅन्युअल आणि भागांचे आराखडे सहज मिळत आणि कुठला बोल्ट कुठं जातो हे त्यात चित्रासह असे.

अमेरिकेत घर घेतलेल्या मराठी मंडळींना म्हणून एक विनंती. घराबरोबर मागच्या शेडमध्ये असा गंजलेला पिवळा किंवा लाल ट्रॅक्टर आला, तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी चार गोष्टी बघा. चाकामागची पेटी ओतीव लोखंडाची आहे का, फ्लायव्हील हातानं फिरतं का, सिरीयल नंबरची पट्टी जागेवर आहे का आणि कुणी आधी चासी कापली आहे का. पहिल्या तिन्हींचं उत्तर ‘हो’ आणि शेवटच्याचं ‘नाही’ असेल, तर तो विकू नका. स्वतःला वेळ नसेल तर जवळच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबला कळवा. सहसा कुणीतरी ट्रेलर घेऊन येतंच.