सदतीस अंशांची भिंत

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो. धुळ्यात भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपल्या शरीरातलं तापमान मात्र 37 अंशांवरून फारसं हलत नाही, आणि बहुतेक बुरशींना तेवढंही सोसत नाही. 30 अंशांच्या पुढे एकेक अंश चढत गेलं, की दर अंशाला सुमारे 6 टक्के जाती गारद होतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. निव्वळ रक्ताच्या उबेनं आपण असंख्य बुरशींपासून वाचतो, हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो.

उबेतून निभावलेल्यांना पांढऱ्या पेशी गाठतात. पण केमोथेरपी, स्टेरॉइड, हाताबाहेर गेलेली साखर यांनी हा पहारा ढिला पडतो. अतिदक्षता विभागात शिरेत घातलेली नळी तर यीस्ट प्रकारच्या बुरशीला थेट रक्ताची वाट देते. अशा रुग्णापाशी उरते ती 37 अंशांची भिंतच.

कँडिडा ऑरिस नावाचं यीस्ट तीही ओलांडतं. ते 42 अंशांतही वाढतं. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी एका वृद्धेच्या कानातून वेगळं काढून त्याची पहिली नोंद केली. 2013 मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधल्या अनुराधा चौधरी यांच्या गटानं भारतातले रुग्ण जगापुढे आणले. पुढे जनुकं तपासली तेव्हा नवल वाढलं: दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, प्रत्येक ठिकाणचं घराणं निराळं. एकीकडून दुसरीकडे नेलेलं नव्हे, तर जवळपास एकाच काळात चहूकडे वर आलेलं! तापत्या पृथ्वीनंच त्याला उष्णता सोसायला शिकवलं असेल, असा तर्क संशोधक आर्तुरो कासादेव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मांडला. तो सिद्ध झालेला नाही. पण 2021 मध्ये चौधरींच्या गटाला अंदमानच्या खाऱ्या दलदलीत आणि वाळूच्या किनाऱ्यावर हे यीस्ट मिळालं, आणि त्यातला एक वाण जास्त तापमानात हळू वाढणारा, औषधांना दबणारा निघाला. भिंत चढायला शिकण्याआधीचं त्याचं रूप असंच असेल का?

उष्णतेनंतर आता औषधांचं पाहू, आणि त्यासाठी रावेर-यावलच्या केळीकडे येऊ. करपा हा बुरशीचा रोग आला की तिथे प्रोपिकोनाझोल फवारतात. ते अझोल या बुरशीनाशकांच्या गटातलं. दवाखान्यातलं फ्लुकोनाझोलही त्याच गटातलं. बुरशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल तयार करणारं एकच एन्झाइम दोन्ही अडवतात. कँडिडा ऑरिस बहुतेक वेळा फ्लुकोनाझोलला दाद देत नाही. 2022 मध्ये दिल्लीच्या संशोधकांना हे यीस्ट साठवणीतल्या सफरचंदांवर मिळालं, बागेतून ताज्या तोडलेल्यांवर नाही. केळीच्या बागेत ते आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. करप्यापुढे शेतकऱ्याचाही इलाज नसतो. पण शेतातल्या आणि दवाखान्यातल्या अझोलचा हिशेब कृषी आणि आरोग्य खात्यांनी एकत्र बसून मांडावा, असं मला कळकळीनं वाटतं.

वॉर्डातली लढाई वेगळीच. हे यीस्ट खाटेच्या कठड्यावर, रक्तदाबाच्या पट्ट्यावर आठवडेच्या आठवडे टिकतं. नेहमीची काही जंतुनाशकं त्याच्यापुढे तोकडी पडतात. क्लोरीनचं द्रावण लागतं. शिवाय तपासणीच्या जुन्या पद्धती त्याला ‘कँडिडा हेम्युलोनाय’ समजून बसतात. म्हणून अहवालात ते नाव आलं, तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून खात्री करायची आणि तोवर रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवायचं.