गिअर नसलेली रेंजर

सायकलच्या दुकानात पूर्वी दोनच प्रश्न विचारले जायचे. बावीस इंची की चोवीस, आणि कॅरिअर बसवायचं की नाही. काळी, दणकट, वाकड्या हँडलची ती सायकल घरात आली की बापापासून मुलापर्यंत दोन पिढ्या चालायची. नव्वदच्या दशकात सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली आपल्याकडे रुळल्या. त्यातल्या एका मॉडेलचं नाव रेंजर होतं. वनस्पती तुपाला जसं डालडा म्हणायचो, तसं ते नाव अशा सगळ्याच सायकलींना चिकटलं.

आज दुकानात जा. एकवीस गिअर, पुढे स्प्रिंग, मधे स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, वर पोपटी रंग, आणि किंमत आठ-दहा हजारांच्या आतबाहेर. मुलाचे डोळे तिथंच खिळतात. मला मात्र आज त्या रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या साध्या सायकलीबद्दल बोलायचं आहे. जाड टायर, सरळ हँडल, पण गिअर एकही नाही. दुकानदार तिला सिंगल स्पीड म्हणतात. शहरातला डांबरी रस्ता आणि टेकडीवरची मुरमाड वाट अशा दोन्हींवर चालवायची आणि खिशात पैसे बेताचे, तर माझं मत तिच्या बाजूनं आहे.

कारण अगदी व्यवहारातलं आहे. सायकल आठ हजारांना विकायची हे कारखान्यात आधीच ठरलेलं असतं. त्या आठ हजारांत गिअर, स्प्रिंगा आणि डिस्क बसवायच्या, तर पैसा कुठून तरी काढावा लागतो. तो काढला जातो रिममधून, हबमधून, छर्ऱ्यांमधून, ब्रेकच्या तारेतून. म्हणजे जे दिसतं ते घातलं जातं आणि जे वजन पेलतं ते हलकं केलं जातं. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं पहिल्या पगाराचे पैसे घालून अशी भरगच्च सायकल घेतली होती. पहिल्याच पावसाळ्यात मागचा गिअर चिखलानं अडकला, ओढाताणीत त्याची पट्टी वाकली आणि स्पोकमध्ये गेली. आता ती जिन्याखाली उभी आहे आणि मुलगा पहिल्या पाळीला वडापनं जातो. आठ हजार ही रक्कम कुणाच्या लेखी किरकोळ असेल, त्या घरात ती दोन महिन्यांच्या किराण्याएवढी होती.

आता गंमत बघा. डोंगरात चालवायच्या सायकलीचा खेळ जिथं वाढला, तिथं तो बिनगिअरच्या सायकलींवरच सुरू झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन भागात फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथली तरुण मंडळी १९७० च्या दशकात तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या सायकली धुंडाळून आणायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका मातीच्या उतारावर पहिली शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. त्या सायकलींना पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक असायचा, तो मागच्या हबच्या पोटात. एका फेरीत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा ग्रीस भरणं म्हणजे ‘रिपॅक’, म्हणून त्या शर्यतीचं नावच रिपॅक पडलं. गॅरी फिशर वगैरे मंडळींनी या सायकलींना गिअर बसवले, कारण खाली आल्यावर पुन्हा वर जायला सायकल ढकलावी लागायची. म्हणजे गिअरची गरज निर्माण केली ती चढानं.

म्हणून गिअर नसलेली सायकल घेताना पहिला प्रश्न रंगाचा नाही, कंपनीचाही नाही. तुम्ही रोज चढणार तो चढ केवढा आहे, हा आहे. उत्तर सायकलच्या दात्यांत असतं. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा, मग मागच्या फ्रीव्हीलचे मोजा. पुढच्या आकड्याला मागच्यानं भागा. मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसाला हा हिशेब जड जात नाही, पण इतरांनाही जाऊ नये.

समजा पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. भागाकार येतो साधारण २.४४. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक इतक्या वेळा फिरतं. २६ इंची जाड टायरचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे एका पायडलमागे सायकल पाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ वेळा पाय फिरवले तर ताशी अठरा किलोमीटर. सपाट रस्त्याला हे झकास. आता पुढे ३२ आणि मागे १८ असतील तर एका फेरीत जेमतेम पावणेचार मीटर. तेवढेच पाय फिरवून वेग तासाला तेरा किलोमीटर. सपाटीवर पाय नुसते भिरभिरतात, मागून येणारा काळ्या सायकलवरचा दूधवाला पुढे निघून जातो.

पण चढ लागू द्या. शंभर मीटरला सहा मीटर चढणारा रस्ता आणि माणूस धरून सायकलचं वजन ऐंशी किलो, असं गृहीत धरू. पहिल्या सायकलच्या पायडलवर, फक्त चढापुरता हिशेब केला तरी, सरासरी साडेबावीस किलोचा जोर सतत द्यावा लागतो. दुसरीवर साडेसोळा. हा सहा किलोंचा फरक कागदावर लहान दिसतो. चढ अर्धा किलोमीटर असेल तर गुडघ्याला विचारा.

डोंगरात बिनगिअरच्या सायकली चालवणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे. २६ इंची चाकाला दोनास एक, म्हणजे पुढे ३२ तर मागे १६. आमच्या साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाणारा चढता रस्ता असो की टेकडीच्या पायथ्याची पायवाट, हे प्रमाण बऱ्यापैकी सोसतं. बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट मात्र रोज चढायचा असेल तर त्याहून हलकं हवं, किंवा मग सरळ चांगले, मोजकेच गिअर असलेली महाग सायकल घ्यावी. घाटात राहणाऱ्या माणसाला बिनगिअरची सायकल गळ्यात मारणं हा अन्याय आहे. तिथं माझी वकिली थांबते.

दुकानातली सायकल जड वाटली तर ती नाकारायलाच हवी असं नाही. मागचं फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. मिस्त्री ते काढून जास्त दात्यांचं बसवून देतो, खर्च काही शे रुपयांचा. ४४ ला मागे २२ दिले की तेच दोनास एक आलं. २२ दात्यांचं फ्रीव्हील शोधावं लागतं, २० चं त्यामानानं लवकर मिळतं. चेन थोडी लांब लागेल एवढंच. बसवताना मागच्या चाकाची खाच बघा. ती आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर चेन ताणायला वेगळा पुर्जा लागतो, आणि असा पुर्जा म्हणजे बिघडायची आणखी एक जागा. चेन मधोमध बोटानं वर-खाली केल्यावर अर्धा इंच हलली की ताण बरोबर.

आता स्प्रिंगांविषयी. पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असली की रस्ता मऊ लागतो, असं वाटतं. महाग सायकलीत ते खरंही आहे, कारण तिथं दाबल्या गेलेल्या स्प्रिंगेला सावकाश परत आणायची व्यवस्था असते. स्वस्त चिमट्यात नुसती स्प्रिंग. ती दबते आणि उसळते. शिवाय वजन वाढतं ते वेगळं. बिनगिअरच्या सायकलीला हे जास्त बाधतं, कारण चढावर हलका गिअर टाकायची सोय नाही, सीटवरून उठून उभ्यानंच पायडल मारावं लागतं. उभ्यानं मारलेला प्रत्येक जोर आधी स्प्रिंग खाते, उरलेला चाकाला जातो. तेव्हा साधा, पोलादी, न हलणारा चिमटा घ्यावा. मधल्या स्प्रिंगेची सायकल या किमतीत कुणी फुकट दिली तरी विचार करावा. धक्के सोसायचं काम टायरकडे द्या, तो ते अधिक इमानानं करतो.

टायर १.९५ ते २.१० इंच रुंदीचा पुरे. त्याच्या मधोमध सलग पट्टी आणि कडेला खाचा असतील तर डांबरावर सायकल घरघरत नाही आणि मातीत घसरतही नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कुशीवर लिहिलेलं असतं. रस्त्यासाठी त्या मर्यादेत थोडी जास्त, खडकाळ वाटेला थोडी कमी. इथं एक फसगत सांभाळायला हवी. २६ इंच असं लिहिलेले टायर एकाच मापाचे नसतात. जाड टायरच्या सायकलीचं रिम ५५९ मिलिमीटरचं असतं, तर २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश असं लिहिलेला टायर ५९० मिलिमीटरचा. तो चढतच नाही. ट्यूब-टायर आणायला जाताना ५५९ हा आकडा लिहून न्यावा. नवी मापं साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंचांची. मोठं चाक दगडांवरून सहज जातं हे खरं, पण तालुक्याच्या गावी टायर कुठला मिळतो ते आधी विचारा.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकपाशी घालवा. आमच्याकडे पाऊस चार महिने आणि उतार बारा महिने. वरच्या वाडीतून खाली कॉलेजात येणारी मुलं मी पावसात पाय घासत सायकल थांबवताना पाहिली आहेत, आणि समोरून एसटी येत असते. लोखंडी, चकचकीत मुलाम्याचं रिम ओलं झालं की ब्रेकचं रबर त्याच्यावर नुसतं सरकतं. ॲल्युमिनियमचं रिम ओल्यातही बरंच धरतं. ओळखायचं कसं? खिशात लहानसं लोहचुंबक न्या. रिमला चिकटलं तर लोखंड. ही परीक्षा दुकानदाराला आवडत नाही, पण ती पाच सेकंदांची आहे. या किमतीत ॲल्युमिनियम रिम आणि त्यावर दोन उभ्या दांड्यांचा, म्हणजे व्ही-ब्रेक, ही जोडी मला स्वस्त डिस्कपेक्षा बरी वाटते. रबर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि झिजलेलं डोळ्यांना दिसतं. चिखल फार असेल तर डिस्कचा फायदा आहे हे मान्य, पण तिचे पॅड गावात मिळतात की नाही हे विचारूनच घ्या. आणि मुलांना सांगा, पुढचा ब्रेक टाळू नका. ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवायचं बहुतेक काम तोच करतो. फक्त हिसक्यानं नव्हे, दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू.

मापाबद्दल आपल्या घरांत एक खोड आहे. शाळेचा गणवेश घेतो तशी सायकलही वाढत्या अंगाची घेतो. बारा वर्षांच्या मुलीला सोळाव्या वर्षाची सायकल. गणवेशाची बाही दुमडता येते, सायकलचा दांडा दुमडता येत नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय सपाट टेकून उभं राहिल्यावर दांडा आणि शरीर यांत दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली असलं की पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्यानं चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, त्याच्यावर सीट उचलायची नाही.

किमतीचं एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पक्कं बिल मागा आणि त्यावर हा आकडा बघा. वाचलेल्या पैशांत कुलूप, घंटी, मडगार्ड आणि मागचा लाल दिवा येईल. दिवा आधी घ्या.

सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. ती जोडणारा हात कसा आहे यावर पुढचं आयुष्य ठरतं. आमच्या मोहल्ल्यातले एक मिस्त्री नवी सायकल आली की पहिल्यांदा दोन्ही चाकं उचलून फिरवतात, रिम आणि ब्रेक यांमधल्या फटीकडे बघत बसतात. फट लहान-मोठी होत असेल तर स्पोक आवळून आउट काढतात, मगच पुढचं बोलतात. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. घाईत कुणी ते सुलटे पिळले तर क्रँक कायमचा बाद. म्हणून पायडल आपल्यासमोर बसवून घ्यावं. पहिले शंभर किलोमीटर झाले की सायकल परत न्या, क्रँकचे बोल्ट, हँडल आणि चाकांचे नट आवळून घ्या, आउट पुन्हा बघा. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर हवा पेट्रोलपंपावरही भरता येते, मात्र तिथल्या मुलाला आकडा आधी सांगा. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी आणि त्याच्या नळीत जोर फार असतो.