हळदीची पत्रिका घरच्या घरी

तुळशीची लग्नं उरकली की कोन गावात मांडवाचे बांबू उतरू लागतात. भिवंडी तालुक्यातल्या आगरी घरांत हळदीची धामधूम लग्नाहून तसूभर कमी नसते, त्यामुळे एका कार्याच्या दोन-तीन पत्रिका निघतात. लग्नाची मोठी पत्रिका प्रेसमध्ये छापायची. तिच्यावर निमंत्रकांची लांबलचक यादी असते आणि तळाशी चिल्ल्यापिल्ल्यांची नावं घालून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ असतं. त्यात कोणी हात घालू नये. पण साखरपुडा, हळद, बारसं, वास्तुशांत, पहिला वाढदिवस यांना पंचवीस-पन्नास पत्रिका पुरतात, आणि अडचण होते ती इथे. ऑफसेटला प्लेट करावी लागते, मशीन जुळवावं लागतं, सुरुवातीचे कागद वाया जातात. हा खर्च पंचवीस प्रतींवर वाटला तर एकेक पत्रिका फार महाग पडते. डिजिटल प्रिंटवाला थोड्या प्रती करून देतो, पण त्यासाठी दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण गाठायचं, आणि मुहूर्त बदलला किंवा आत्याचं नाव राहिलं की पुन्हा तीच वारी. म्हणून घरोघरी विचार सुरू होतो, एक प्रिंटर घेऊनच टाकू, फोटोही निघतील.

आधी हिशेब मांडू. शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर समजा तेरा हजारांना पडला. चार बाय सहाचा फोटो बाहेर दहा रुपयांना मिळतो आणि घरी कागद-शाई मिळून सहा रुपये लागतात असं धरलं, तर एका फोटोमागे चार रुपये वाचतात. म्हणजे प्रिंटरचे पैसे निघायला सव्वातीन हजार फोटो छापायला हवेत. इतके फोटो साध्या घरात छापले जात नाहीत. निव्वळ फोटोंसाठी प्रिंटर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलांचे शाळेचे प्रोजेक्ट, आधार-पॅनच्या झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि अधूनमधून पत्रिका-फोटो असा सगळा मिळून रोजचा राबता असेल, तरच ते यंत्र घरात शोभतं. वर्षातून दोनदाच लागणार असेल तर दुकान बरं, कारण शाईचा प्रिंटर पडून राहिला की वाळतो.

दुकानात सगळ्यात स्वस्त दिसतो तो कार्ट्रिजचा प्रिंटर. तो टाळावा. त्याच्या कार्ट्रिजमध्ये शाई जेमतेम काही मिलीलिटर असते आणि पानभर रंग भरलेल्या थोड्याशाच पत्रिकांत ती संपते. यंत्र स्वस्त द्यायचं आणि शाईवर कमवायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज. आपल्याकडे दुरुस्तीवाल्यांनी त्यावर तोड काढली होती. प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या लावून नळ्या आत सोडायच्या. आशियात ठिकठिकाणी हे चालू होतं. अखेर एप्सन कंपनीनेच २०१० मध्ये इंडोनेशियात मोठ्या टाकीचा प्रिंटर आणला. पुढे कॅनन, एचपी, ब्रदर यांनीही तोच मार्ग धरला. आज कमी पैशांत रंगीत काम करायचं तर टाकीच्या प्रिंटरला पर्याय नाही.

बाटलीच्या जाहिरातीतला पानांचा आकडा मात्र फोटोला लावू नका. ‘सात हजार पानं’ ही गणती थोड्या मजकुराच्या चाचणी-पानांवर केलेली असते. त्यांत कागदाचा बराचसा भाग कोराच असतो. फोटोत कागदाचा कोपरा न् कोपरा रंगतो. त्यामुळे फोटोंची संख्या त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

लेसर प्रिंटर पत्रांना, अर्जांना उत्तम. फोटोला नाही. त्यात टोनरची पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर चुकून लेसरमध्ये घातला तर त्याचा थर वितळून आतल्या रुळाला चिकटू शकतो आणि दुरुस्तीचा मोठा खर्च अंगावर येतो. तिसरा प्रकार छोट्या फोटो प्रिंटरचा, कॅननच्या सेल्फीसारखा. तो पट्टीवरचा पिवळा, किरमिजी आणि निळा रंग एकेक करून चढवतो आणि शेवटी संरक्षक थर देतो. फोटो देखणा येतो, पडून राहिला तरी शाई वाळायचा प्रश्न नाही. पण पोस्टकार्डाएवढ्या कागदापलीकडे तो जात नाही आणि कागद-पट्टीचा जोडसंच त्याचाच घ्यावा लागतो.

टाकीच्या प्रिंटरांतही चार रंगांचे आणि सहा रंगांचे असे दोन वर्ग आहेत. पत्रिकेला चार रंग पुरेसे आहेत. चेहऱ्याच्या कातडीवरच्या हलक्या छटा, शालूच्या घडीतली सावली हे सहा रंगांत मऊ उतरतं. एप्सनच्या एल ८०५० मध्ये फिक्या निळ्या आणि फिक्या किरमिजी शाईची भर आहे, तर कॅननच्या जी ५७० मध्ये लाल आणि राखाडी. दुसरा फरक शाई उडवण्याच्या रीतीत आहे. कॅनन आणि एचपी शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब उडवतात. एप्सनमध्ये विजेने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. पहिल्या रीतीच्या बऱ्याच मॉडेलांत थेंब उडवणारं हेड आपणच बदलू शकतो. दुसऱ्या रीतीचं हेड टिकाऊ, पण यंत्रातच बसवलेलं असतं. ते पक्कं चोंदलं तर खर्च मोठा येतो. रोज वापर असेल तर कुठलंही घ्या. सुट्टीत महिना महिना गावाला जाणाऱ्यांनी हेड बदलता येणारं बघावं.

पण पत्रिकेचं यश कागदावर ठरतं, आणि लोक फसतात ते इथेच. स्टेशनरीच्या दुकानात सुंदर गुळगुळीत आर्ट कार्ड मिळतं. ते ऑफसेटसाठी असतं. इंकजेटची पाण्यातली शाई त्यात मुरत नाही. वरच राहते आणि बोट फिरलं की फरफटते. पाकिटावर ‘इंकजेट’ लिहिलेला मॅट कागद घ्यावा, १८० ते २२० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी छापता येणारा. आणि प्रिंटर मागून कागद घेणारा असावा. समोरच्या ट्रेमधून जाणारा कागद आत पूर्ण वळसा घेतो. जाड कागद तिथे अडकतो, नाहीतर वाकून बाहेर येतो. मागच्या बाजूने तो जवळजवळ सरळ उतरतो. खरेदीच्या वेळी ही एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्यावी.

हळदीच्या पत्रिकेवर पानभर पिवळा रंग द्यायचा मोह होतो. पिवळी शाई टाकीत असतेच, त्यामुळे हळद झकास उतरते. पण पन्नास पत्रिकांत पिवळी बाटली भराभर खाली जाते आणि कागद ओलावून लाटा धरतो. कागद पांढरा ठेवून आंब्याच्या पानांचं तोरण आणि काठ तेवढा रंगवावा, किंवा सरळ फिक्या पिवळ्या कागदावर लाल अक्षरं छापावीत. कुंकवाचा लाल पडद्यावर पेटलेला दिसतो आणि कागदावर जरा मंद येतो, कारण पडद्यावर तो प्रकाश असतो आणि इथे किरमिजी-पिवळ्याच्या मिश्रणातून करावा लागतो. एक नमुना काढून बघावा, मगच पन्नासांची आज्ञा द्यावी. प्रिंटच्या खिडकीत कागदाचा प्रकार बरोबर निवडला नाही, मॅट कागद घालून ‘प्लेन’ ठेवलं, तर रंग फिकाच येणार. शाई किती सोडायची हे यंत्र त्यावरून ठरवतं.

पत्रिका वाटण्याआधी कोपऱ्याला हळद-कुंकू लावतात. घरगुती प्रिंटरांत रंगीत शाई बहुतेक विरघळणारी, म्हणजे डाय प्रकारची असते. ओलं बोट अक्षरांना लागलं की ‘चि. सौ. कां.’ची शाई पसरलीच. म्हणून कोपऱ्यात रुपयाएवढी जागा छपाईविना कोरी सोडावी. काही प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची असते, ती पाण्याला दाद देत नाही; तारीख, वेळ, स्थळ त्या काळ्यातच ठेवावं.

सोनेरी गणपती घरी निघत नाही. पिवळ्या-तपकिरीतून सोन्याचा आभास होतो, चमक येत नाही. ती फॉइलची करामत, गरम ठशाने दाबलेली. पांढरी शाईही या प्रिंटरांत नसते, त्यामुळे मरून कार्डावर पांढरी अक्षरं विसरा. एवढी हौस असेल तर काळबादेवी-गिरगावात फॉइलचा गणपती छापलेली कोरी कार्डं शोधावीत आणि मजकूर तेवढा घरी उतरवावा. कार्ड फार गुळगुळीत नाही एवढं पाहून घ्यावं.

मजकुराला युनिकोड फॉन्टच वापरा. मुक्ता स्वच्छ आहे, टिरो देवनागरी मराठीत आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात, आणि मुंबईच्या रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन मथळ्याला शोभतो. तिन्ही फुकट आहेत. मोबाइलच्या डिझाइन ॲपमध्ये ‘वऱ्हाडी’तला ऱ्ह आणि जोडाक्षरं कधी तुटतात, पीडीएफ करून मोठं करून वाचा, मग छापा.

फोटोंची रड वेगळी. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० गुणिले १८०० ठिपके हवेत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. छोट्या फोटोला ते निभावतं, पानभर फोटोला नाही. पाठवणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. आणि आजोबांचा जो फोटो भिंतीवर हार घालून कायम राहणार आहे, तो घरी काढू नका. डाय शाई उन्हात आणि मोकळ्या हवेत उतरत जाते. तो फोटो लॅबमधूनच, काचेच्या चौकटीत घ्यावा. घरचे फोटो अल्बमसाठी छान. छापल्यावर एक दिवस वाळू द्यावेत, मग पाकिटात घालावेत.

खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात कागद दमट होतो, कडा वळतात, दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. उघडलेलं पाकीट सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपच्या पिशवीत ठेवा. आठवड्यातून एक रंगीत पान काढा. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधीच बंद करू नका. त्याच्याच बटणाने केला तर हेड जागेवर जाऊन टोपण लागतं आणि शाई वाळत नाही. रेषा येऊ लागल्या तर हेड क्लीनिंग एकदा-दोनदा करा, पण सारखं नको. त्यात धुतलेली शाई आत एका पॅडमध्ये साठते आणि पॅड भरलं की प्रिंटर थांबतो. हे पॅड किंवा त्याची डबी घरी बदलता येते का, हे घेतानाच विचारावं. वॉरंटी किती पानांपर्यंत आहे आणि हेड तिच्यात धरलंय का, हेही. दुकानात जाताना आपला जाड कागद आणि पत्रिकेची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन जा. नमुना समोर काढून द्यायला जो दुकानदार कुरकुरणार नाही, त्याच्याकडूनच बिलासकट प्रिंटर घ्या.