पाय पॅडलला अडकवावा का?

धर्मापुरीसारख्या गावात रोज सायकलने शाळेला येणारी मुलं विचारतात: शर्यतीतल्यासारखं पाय अडकवायचं पॅडल लावलं तर चढ सोपा होईल का?

या पॅडलमध्ये बुटाच्या तळाची पट्टी, म्हणजे क्लीट, खट्कन अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. ही युक्ती स्कीच्या बुटांवरून आली. लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये ती पॅडलला आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो हे पॅडल वापरून तूर द फ्रान्स जिंकला. गंमत म्हणजे पाय अडकूनही याचं नाव ‘क्लिपलेस’! जुन्या पॅडलवर बोटं अडकवायला असायची ती क्लिप यात नसते, म्हणून.

‘वर येताना पायाने ओढता येतं’ हा त्याचा फायदा सांगतात. मोजमापं मात्र वेगळंच दाखवतात. वर येणाऱ्या पायाचं वजन बऱ्याचदा खाली जाणारा पायच उचलतो. मुद्दाम ओढलं तर तेवढ्याच कामाला जास्त ऊर्जा खर्च होते. खरं काम खाली दाबण्यातलं. १७ सेंमीचा क्रँक आडवा असताना २० किलो वजनाइतका दाब दिला, तर सुमारे ३३ न्यूटन-मीटर आघूर्ण मिळतं. क्रँक उभा असताना तोच दाब दिला तर शून्य. सायकल स्टँडवर लावून हाताने दाबून पाहा.

गावातल्या रस्त्यावर शेळ्या, उसाची गाडी आडवी आली की पाय चटकन टेकावा लागतो. (आमच्यातले एकजण टाच वळवायला विसरले आणि उभ्या सायकलसकट आडवे झाले.) तिथे रुंद, खरखरीत, साधं पॅडलच बरं. सुट्टीत अंबाजोगाईपर्यंत रपेट मारायची हौस असेल, तर दोन स्क्रूंची, तळाच्या खाचेत बसणारी क्लीट घ्यावी. त्या बुटांनी चालताही येतं. स्प्रिंग मात्र सुरुवातीला सैलच ठेवा.