फ्यूजच्या जागी बल्ब

पार्किंग लाइट लावला की फ्यूज गेला. नवा बसवला, तोही गेला. घाटकोपर-मुलुंडच्या गॅरेजांत पावसाळ्यात ही तक्रार नेहमीची. ओल आणि उंदीर, दोघांनाही गाडीचं वायरिंग फार प्रिय.

तो 10 अँपिअरचा लाल फ्यूज तसा तापट नाही. 11 अँपिअर तो तासन्‌तास सोसतो. त्याच्यातली जस्ताची पट्टी लावताक्षणी वितळते, म्हणजे वीज दिव्यापर्यंत पोचतच नाहीये. गाडीत दिव्याकडे जाणारी तार एकच. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्रा, कारण बॅटरीची निगेटिव्ह त्यालाच जोडलेली. तेव्हा सोललेली तार बॉडीला कुठेही टेकली की शॉर्ट. मधे रोध म्हणून उरतो ओहमचा काही शतांश भाग. 12 व्होल्टना त्याने भागा, शंभराच्या वर अँपिअर निघतात! इथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘पक्का’ करणारे महाभाग भेटतात. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं.

मुरलेला इलेक्ट्रिशियन आणखी फ्यूज फुकट घालवत नाही. उडालेल्या फ्यूजच्या दोन पायांना तारा जोडतो आणि त्यात हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावतो. शॉर्ट तसाच राहतो, पण तापलेली फिलामेंट सुमारे साडेचार अँपिअरच्या वर काही जाऊ देत नाही. जो करंट डोळ्याची पापणी लवायच्या आत नाहीसा व्हायचा, तो आता हवा तितका वेळ वाहतो आणि स्वतःच्याच उजेडाने हजेरी लावतो. मग एकेक कनेक्टर काढायचा, हार्नेस हलवून बघायचा. बल्ब मंदावला की समजायचं, हात योग्य जागी आहे.

तार कार्पेटखालून जात असेल तर? इथे खिशातून होकायंत्र निघतं, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते याचंच. तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते, हे हान्स ओर्स्टेडने 1820 मध्ये दाखवलं. गॅरेजातल्या पोऱ्याने बल्बची तार टेकवायची, काढायची, पुन्हा टेकवायची. मुंबईत पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक सुमारे 38 मायक्रोटेस्ला. साडेचार अँपिअरची तार दोन सेंटिमीटरवर 45 निर्माण करते. अख्ख्या पृथ्वीपेक्षा जास्त! पत्र्यामुळे सुई आधीच वाकडी उभी असेल, तर असू दे. दिशा कोणाला हवीय, झटका बघायचा. शॉर्टच्या अलीकडे झटका बसतो, पलीकडे सुई ढिम्म. जाणारी आणि येणारी तार शेजारी-शेजारी असती, तर दोघींची क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकती. परतीचा करंट पत्राभर पसरतो, म्हणून ही युक्ती चालते.

याच एकतारी रचनेने मुंबईतल्या चुंबकीय वेधशाळेला समुद्रापलीकडे धाडलं. कुलाब्याच्या वेधशाळेने 1859 चं प्रचंड सौरवादळ नोंदवलं होतं. पुढे घोड्यांची ट्राम विजेवर आणायचं ठरलं. करंट जाणार डोक्यावरच्या तारेतून, परतणार रुळांतून आणि जमिनीतून. तो नाजूक सुया नाचवणार, हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखलं आणि 1904 मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. विजेची ट्राम धावली 1907 मध्ये.

पार्किंग लाइटच्या बाबतीत सुई बऱ्याचदा डिकीकडे नेते. झाकणाच्या बिजागरीपाशी तारा रबरी नळीतून जातात आणि डिकी उघडली-मिटली की दर वेळी तिथेच वाकतात. नळी मागे सारली की दिसतं: फुटलेलं आवरण, त्यातून डोकावणारं हिरवट पडलेलं तांबं, पत्र्यावर काळा डाग. तार बाजूला ओढली की हेडलाइटचा बल्ब मिणमिणतो आणि मागचे टेल लॅम्प पेटतात. नुसती टेप गुंडाळून भागत नाही. तेवढा तुकडा कापून, थोडी जास्त लांब तार डाख देऊन जोडायची आणि वर स्लीव्ह चढवायची, म्हणजे डिकी पूर्ण उघडली तरी ती ताणली जात नाही.